हजारात पस्तीस

आधी पाणी, मग मीठ.
उलटं केलं तर चुना तळाशी बसतो,
बादली दुधाळ होते
आणि एक रविवार फुकट जातो.
हे मी चुकून शिकलो,
सांगलीत, विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
यार्डाकडून हळदीचा वास येणाऱ्या मार्च महिन्यात.

वीस लिटर आरओचं. त्यात सातशे चाळीस ग्रॅम,
जुन्या बाजारातून आणलेल्या तराजूवर,
ज्याच्या ताटलीच्या कडेत अजून पिवळी पूड आहे.
छोटा पंप रात्रभर फिरतो,
झोपेत कुणी चूळ भरावी तसा.

सकाळी काचेवर दोन थेंब. झाकण. बुडबुडा नको.
नळी डोळ्याला लावून खिडकीकडे तोंड करायचं.
वर निळं, खाली पांढरं,
मधली रेघ पस्तीसवर टेकली
की याला समुद्र म्हणायचं.
खरा इथून पावणेदोनशे किलोमीटर,
आंबा घाटाच्या पलीकडे.

दिवसभर मी माती तपासतो.
आष्ट्याहून, दुधगावहून, कसबे डिग्रजहून
पिशव्या येतात, आत चिठ्ठीवर गट नंबर.
‘साहेब, मीठ फुटलंय.’
‘पाणी किती वर्षं पाजताय?’
‘पाजतोयच की.’
मी मीटरची दांडी बुडवतो, आकडा सांगतो.
चर काढा, निचरा करा, धैंचा गाडा.
मीठ घालवायचे सगळे उपाय मला पाठ,
आणि घरी मी ते विकत आणतो,
पुण्याहून, कुरिअरनं, पावतीसकट.
बापू मगदूमांना हे कळलं तेव्हा
ते पोट धरून हसले:
‘माझ्या बांधावरनं न्या की, फुकट!’

आईनं पहिले सहा महिने त्या काचेकडे बघितलं नाही.
जीव असा कोंडू नये, एवढंच म्हणाली.
ती अजून नळाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळते.
समडोळीला, माहेरी विहीर होती तेव्हा
ते फडकं उलटं धुवायची,
आणि न दिसणारे जीव
ज्या पाण्यातले त्या पाण्यात सोडायची.

मे महिन्यात मी राहुरीला, ट्रेनिंगला.
तिसऱ्या दिवशी तिचा फोन:
‘तुझं पाणी दोन बोटं उतरलंय.
आणि ते फुलासारखं जे आहे, ते मिटलंय.’
म्हणजे ती बघत होती.
‘आरओचं घाल. मीठ नको.’
‘का?’
‘उडतं ते पाणी, आई. मीठ कुठं जात नाही.’
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग भांड्याचा आवाज.

परतलो तर काचेवर,
बरोबर पाण्याच्या रेघेवर,
एक मरून टिकली.
बाबा गेल्यापासून ते पाकीट
आरशाच्या ड्रॉवरात तसंच पडून होतं.

दर बुधवारी थोडं जुनं पाणी काढावं लागतं.
ते मोरीत ओतवत नाही मला.
मोरीचं पाणी कुठं जातं, नाला कुणाच्या शेताकडं वळतो,
हे माहीत असणं वाईट.
गच्चीवर फायबरच्या परातीत ठेवतो.
चार उन्हं लागली की तळाशी पांढरा पापुद्रा.
आई तो उलथन्यानं खरवडते, बरणीत भरते.
बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी: खायचं नाही.
‘कुणी रत्नागिरीला जाणार असेल तर सांग,’ म्हणते,
‘ज्याचं त्याला देऊन येईल.’
दोन वर्षांत कुणी गेलं नाही असं नाही.
मीच सांगायचं विसरतो.

आज पाणी टिकलीच्या खाली, एक बोट.
मी नळी डोळ्याला लावली.
‘किती?’ आई स्वयंपाकघरातून.
‘छत्तीस.’
‘एक जास्त,’ ती म्हणते,
पदराला हात पुसते,
आणि तांब्या घेऊन स्टुलावर चढते.