एकोणिसाव्या प्रकरणात

सकाळी सहाच्या पाळीला
कानावर आवाज अडवणारे जाड मफ,
मफच्या आत इअरफोन,
इअरफोनच्या आत तो:
डोंगराळ मुलखातला जहागीरदार, विधुर, सहा फूट तीन.
त्याचा प्रत्येक 'र' असा घरंगळत येतो
की वाटतं, उतारावरून कुणी बटाट्यांचं पोतं सोडलंय.

मी ऑस्ला हॅलक्रो, शेटलंडची.
वय अठ्ठावन्न, हातात चिमटा.
पट्ट्यावरून सॅमन येतात, मी त्यांचे काटे उपटते
आणि हसू दाबते.
कारण असं कुणी बोलत नाही.
ना डोंगरात, ना बेटावर, ना प्यायल्यावर.

शिवाय दोघांचे आवाज एकच बाई काढते.
नायिका बोलते तेव्हा साखरेत घोळलेली,
नायक बोलतो तेव्हा घसा खाली, हनुवटी छातीला.
चुंबनाच्या वेळी तर पंचाईतच,
मधला श्वास कुणाचा ते ठरत नाही.

समोरच्या पट्ट्यावर दाइवा, लिथुआनियाहून आलेली.
पुस्तक तिला मीच सुचवलं, इंग्रजी सुधारेल म्हणून.
ती वेग कमी करून ऐकते
आणि डोळे मिटते, सुरी हातात असताना.
गेल्या मंगळवारी मुकादमाला म्हणाली,
"माझे हातमोजे फाटलेत,"
ते अशा थाटात, की गढीच्या दरवाजाशी शत्रू आलाय.
त्यानं निमूट दोन जोड काढून दिले.
मी म्हटलं, अगं, तो हेल खोटा आहे.
"ऑस्ला, वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली,
"पण खोटा तर तुझा वाटतो."

माझा!
माझ्या रास्मीनं मला मागणी घातली ती होडी रंगवताना.
"अजून एक हात द्यायचाय," म्हणाला. "थांबशील?"
आमच्याकडे एवढंच बोलतात,
तेही वाऱ्याकडे पाठ करून.
त्याचा आवाज मी कशातच भरून ठेवला नाही.
सुचलंच नाही.

मग एकोणिसावं प्रकरण.
वादळ, विझत आलेली शेकोटी, तो गुडघ्यावर.
बाईचा घसा बसलेला, दिवसभर वाचून दमली असावी,
आणि नेमका तोच शब्द,
ज्याच्यासाठी अठरा प्रकरणं कळ काढली,
तिच्या जिभेवरून निसटला.
'लव्ह' म्हणायचं, तर म्हणाली 'लुव'.

घोडा गेला, जहागीर गेली.
ग्रिम्झ्बी!
आमची मासळी न्यायला तिकडचे ट्रकवाले येतात,
बर्फाच्या पेट्या मोजता मोजता
दिसेल त्याला म्हणतात,
"चहा आहे का, लुव? इथे सही कर, लुव."
म्हणजे बाई, तूही मासळीच्या गावची.
तुझ्याही आईच्या बोटांना हाच वास असणार,
लिंबानं न जाणारा.
किती शाळा केल्यास, किती आरसे,
तो 'उ' घशात परत ढकलायला?
आणि कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही,
की आलं, आणि राहू दिलं?

हातमोजा काढून मी तीस सेकंद मागे गेले.
पुन्हा गेले.
चार सॅमन काट्यांसकट पुढे निघून गेले
आणि समोरून दाइवा गरजली,
एकूण एक 'र' गडगडवत.
मी ओलं बोट वर केलं:
थांब.
अजून एकदा.