दोन बोटं

टॉर्च धरायचं काम माझं.
लेंटेगरच्या आमच्या गल्लीत शुक्रवारी रात्री
आग्नेयेचा वारा पत्रे वाजवत होता
आणि इग्सान गाडीखाली, नुसते पाय बाहेर,
म्हणत होता : डावीकडे. माझ्या डोळ्यांत नको. डावीकडे.

गोल्फ, सत्त्याण्णवची. आमच्याआधी तीन मालक.
पहाटे साडेपाचला ती त्याला एपिंगच्या बेकरीत नेते,
दुपारी मला दवाखान्यात,
रविवारी आईला आणि तिच्या कुसिस्टरना,
पाकात बुडालेल्या, वर खोबऱ्याचा कीस.

मागचा उजवा बोल्ट हलेना.
तेल पाजलं. वाट पाहिली. शिवी हासडली. पुन्हा तेल.
शेवटी पान्याला नळाचा लांब तुकडा अडकवून
दोघंही त्यावर लोंबकळलो,
तेव्हा तो असा किंचाळला
की समोरच्या बुता सदीकनी खिडकी उघडून विचारलं,
कोणाला मारताय?

जुना शॉक काळ्या तेलात माखलेला.
हाताने दाबला तर खाली गेला
आणि खालीच राहिला.
"हा कधीच मेलाय," इग्सान म्हणाला,
"आपण आपले रोज याच्या भरवशावर."
खोक्यातून नवे निघाले : निळे, अंगभर आटे,
आटयांवर कड्या, हव्या तेवढ्या वरखाली फिरवायच्या.
आठ महिन्यांचा ओव्हरटाइम
वर्तमानपत्रात गुंडाळून आला होता.

चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये
आधी माझी चार बोटं जायची.
जॅक उतरला. गाडीने उसासा टाकला
आणि बसली, मांजर बसतं तशी,
पाय पोटाखाली घेऊन.
आता दोन.
माझ्या भावाला तेव्हा स्वर्गही
तेवढाच उरला होता.

अरे, रोजची गाडी आहे ही, मी म्हटलं.
"म्हणूनच," तो म्हणाला.
"रोज बघायची ती वस्तू."

सोमवारी मला रस्ता कळला.
अकरा वर्षं ज्याच्यावरून गेले तोच रस्ता :
गटाराचं कुठलं झाकण डोकं वर काढून आहे,
खड्डा बुजवता बुजवता पालिकेने कुठे टेंगूळ आणलंय,
शाळेपुढचे दोन गतिरोधक,
पहिला साधा, दुसरा खुनशी.
त्याच्यावर गाडी तिरकी घ्यायची, एकेक चाक,
गुडघेदुखीची बाई जिना उतरते तशी,
आणि मागची टॅक्सी तोवर
माझ्या सात पिढ्यांना हॉर्न ऐकवणार.
स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत खरवडतो.
उंदीर आहे, मी पेशंटांना सांगते, पाळलाय.

पण फॉल्स बेच्या काठाने, मोठ्या वळणावर,
जिथे ती होडीसारखी कलायची
आणि आई हँडल धरून दुवा पुटपुटायची,
तिथे ती कललीच नाही.
रस्ता जसा वळला तशी वळली.
मी परत फिरले आणि तेच वळण पुन्हा घेतलं.
हे इग्सानला सांगितलेलं नाही.

रविवारी खुनशी गतिरोधकावर
डिकीतला डबा कलंडला.
साठ कुसिस्टर, पाक, वेलची, संत्र्याची साल,
सगळं गालिच्यात.
आई काही बोलली नाही.
गरम पाण्याने तीनदा पुसलं
आणि काही बोलली नाही.
आठवडाभर गाडीला माशा आणि सणाचा वास.

शनिवारी इशानंतर
इग्सान आकडीचा पाना घेऊन बाहेर आला.
"टॉर्च," म्हणाला.
पाठोपाठ आई, हातात तोच डबा,
काठोकाठ पाणी भरलेला. डिकीत ठेवला.
जॅक वर, कड्या फिरव, जॅक खाली,
गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत.
डिकी उघडून आई वाकून बघायची.
"अजून."
पुन्हा जॅक.
"अजून."
तिसऱ्या फेरीनंतर तिने पदर नाही, एप्रन सावरला,
खाली बसली, आणि मडगार्डखाली बोटं घातली,
चाळीस वर्षं तेलाचे चटके खाल्लेली.

"बघ, दोनच जातात," इग्सान म्हणाला,
सुटल्यासारखा.

तिची दोन म्हणजे माझी तीन.
मी टॉर्च विझवला.