दर सातवं दार

कोष्टकानं दिलेलं घर
दांडिया बाजारात, तिसऱ्यांदा बंद.
कुलपावर धूळ नाही, म्हणजे कुणी राहतं.
मॅडम म्हणतात, घर बदलायचं नाही.
बदललंस की निवड तुझी झाली.

शेजारी दळवीकाकू, उंबऱ्यातच खुर्ची टाकून:
"मला विचार ना गं, घरी मराठीच बोलतो आम्ही!"
त्यांनी पाच नंबर दिले, पाचांनी वीस,
सगळ्या एकाच भिशीतल्या,
फरसाणाचं दुकानसुद्धा एक.
पंधरा दिवसांत वही भरली
आणि वडोदऱ्यातली मराठी
शंभर टक्के ठणठणीत निघाली.

तरी खोटं कशाला बोलू,
काकूंच्या भांडीवाल्या यमुनेनं नेलं नसतं
तर मकरपुऱ्यामागच्या पत्र्याच्या खोल्या
कुठल्या यादीत सापडल्या असत्या मला?
तिथली पोरं अहिराणीत भांडत होती,
माझ्याशी मात्र गुजरातीत लाजली.

चौथ्या खेपेला, पहाटे सहाला, कुलूप निघालेलं.
नेवगी म्हणून कुणी, बुटाची नाडी बांधत.
"घरी कोणती भाषा बोलता?"
त्यांनी मागे वळून पाहिलं:
एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर एक सदरा.
"बोलायचं कुणाशी, बेन?"
आणि दोन पाळ्यांचा डबा उचलून गेले.

फॉर्मवर चौकोन चार.
मराठी, गुजराती, हिंदी, इतर.
मी पेन्सिलीनं पाचवा काढला, जरा वाकडा.
मॅडम खोडतील.

आता इथून सात मोजायचे.
पानाची टपरी दार धरायची का?