दारं मोडताना

राजारामपुरीत, तळघरातली खोली,
दाराच्या फटींना काळी चिकटपट्टी.
तातोबा खोत पहाटेच्या पहिल्या एसटीनं आले,
आभाळात तारे होते तरी छत्री उघडी.
तीन दिवसांमागं शिरेतून औषध गेलंय,
महिनाभर ऊन वर्ज्य,
आणि सून म्हणाली, ताऱ्यांचं तरी काय सांगावं.

दूधगंगेच्या कालव्यावर बत्तीस वर्षं पाटकरी.
कुणाच्या शिवारात किती तास, सगळं तोंडपाठ.
त्याच तोंडात आता, डाव्या गालाच्या आत,
रुपयाएवढी गाठ.

उजेड डॉक्टर शिरगुप्पे सोडतात.
मी फक्त बघते.
माझ्या पडद्यावर गालाच्या आतलं रक्त:
वाहतं ते रंगीत,
थांबलं ते काळं.
निरोगी जागी शिरा शहाण्यासारख्या फांद्या फोडतात.
गाठीत नुसता गुंता,
कुठं पोचायचं ते ठाऊक नसलेल्या वाटा.
पडदा त्यांच्याकडे वळवला तर म्हणाले,
"चोरून टाकलेल्या मोटारी ह्या.
रात्रीच्या टाकत्यात."

लाल उजेड आत गेला
आणि गाल बाहेरून पेटला,
दाढीचा एकेक खुंट मोजावा असा.
जाड काळ्या चष्म्याआड तातोबांचे डोळे
उघडे की मिटलेले, मला दिसत नाही.
मला दिसतं ते एवढंच:
चौथ्या मिनिटाला कडेची शीर बारीक झाली,
मग तिच्या शेजारची.
तांबडं फिकट, आणखी फिकट,
मग दाणेदार काळं.

"थांबा," मी म्हटलं.
उजेड विझला.
अवघड मामला आहे हा.
औषध रक्तातून येतं, प्राणवायूही रक्तातूनच,
आणि उजेडाला जाळायला दोन्ही लागतात.
शिरा अगोदरच मिटल्या
तर उजेड नुसता पडून राहतो,
माणसं गाव सोडून गेल्यावर
घरात चालू राहिलेल्या दिव्यासारखा.

तातोबांनी कापूस काढला, लाळ पुसली.
"खत सोडलं की लगीच दारं मोडायचं न्हाई, बाई.
पोचू द्यायचं शेंड्यापतोर.
मग मोडायचं."
डॉक्टर हसल्या नाहीत.
वहीत लिहिलं: दोन मिनिटं अंधार.

अंधार. उजेड. अंधार.

चार वाजता पुन्हा बघितलं.
सगळं काळं.
मी खुर्चीत मागं टेकले, चहा सांगितला.
आणि तळाशी, जबड्याच्या बाजूला,
केसाएवढा तांबडा धागा
लुकलुकला.
थांबला.
पुन्हा लुकलुकला.
मी आकडे तपासले, भिंगाची काच पुसली.
धागा होताच.

तातोबा कधी मागं येऊन उभे राहिले कळलं नाही.
पडद्याला बोट न लावता म्हणाले,
"खेकडा हाय.
बांधाला भोक पाडतोय आन् आतनं पाणी नेतोय.
वरनं कितीबी चिखल थापा, दिसत न्हाई.
बत्तीस वर्षं म्या तेच हुडकलं."

त्यांच्या फाईलवर रोगाचं नाव माझ्याच हातचं आहे.
त्यातली पहिली दोन अक्षरं
इतकी वर्षं लिहिली,
वाचली नव्हती.

सूर्य बुडेपर्यंत त्यांना सोडता येत नाही.
किरणोत्सवाचे दिवस. झाडलोट करणारी यल्लव्वा
देवळातून परतली, कपाळाला मळवट.
तातोबांनी विचारलं, "कुठवर आली किरणं?"
"गुडघ्यापतोर. मग ढग आला."
"येतील वर. उद्या हायच की."
मी वहीत उद्याची वेळ मांडली, पुढं काही लिहिलं नाही.

मग छत्री उघडली त्यांनी, जिन्यातच,
आणि दुसऱ्या हाताचा तळवा
भिंतीवरून फिरवत वर गेले,
कुठं ओल लागते का बघत.