खालच्या मजल्यावरून

पहिली दोन वर्षं मी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे.
वर येर्नेय उड्या मारायचा, रात्री अकरापर्यंत,
एकाच जागी, नेमक्या माझ्या पलंगावर.
दांड्याचे गोल वण अजून आहेत छताला.
रंगारी आला तेव्हा म्हटलं, तेवढं राहू द्या.

नोव्हेंबरात नेवेंका जिन्यात भेटली,
हातात इस्पितळाचा लिफाफा आणि पावाची पिशवी.
"ऑटिझम," म्हणाली. पुढं काही नाही.
मी म्हटलं, होईल गं नीट, मोठा झाला की.
तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
हे वाक्य तिला सकाळपासून
सगळेच देत होते,
आणि ठेवायला घरात जागा नव्हती.

ते मला फार उशिरा कळलं.
आधी कळलं एवढंच, की बेल नको.
दोनदा हलकं ठोकायचं, मग थांबायचं.
मग कळलं, गुरुवारी नेवेंकाला तासभर
कुठंतरी आडवं व्हायचं असतं,
जिथं कुणी विचारणार नाही, आता कसा आहे तो.
माझ्या सोफ्यावर ती बुटांसकट झोपते.

एगोन बंदरात क्रेन चालवतो. वर एकटा.
खाली उतरला तरी तेवढाच.
माझा नळ दुरुस्त करताना एकदा म्हणाला,
"मला फक्त 'बाबा' ऐकायचं होतं."
गळती थांबली होती;
तो पाना फिरवतच राहिला.

येर्नेय खाली येतो तो माझ्यासाठी नाही,
माझ्या जुन्या वॉशिंग मशीनसाठी.
काचेसमोर मांडी घालून बसतो.
डावीकडे, थांबा, उजवीकडे,
आणि शेवटच्या गरगरीला दोन्ही हात झटकतो,
जणू तेच पिळून निघालेत.
मी धुतलेलेच टॉवेल पुन्हा धुते.

फेब्रुवारीत बोरा सुटला.
त्रिएस्तेत हा वारा माणसाला भिंतीवर नेऊन आपटतो.
मी लहान असताना अशा दिवशी
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधलेले असायचे,
एकमेकांशी न बोलणारी माणसंसुद्धा
एकाच दोराला धरून रस्ता ओलांडायची.
येर्नेयला बुधवारच्या बाईंकडे जायचं होतं.
हात धरलेला त्याला सोसत नाही.
मी वाळत घालायची दोरी सोडली.
एक टोक नेवेंकाकडे, एक माझ्याकडे.
त्यानं ती हुंगली, गालाला लावून पाहिली,
आणि मध्येच कुठंतरी धरली.

कालव्याच्या कोपऱ्यावर थांबला.
वाऱ्याकडे तोंड, डोळे मिटलेले.
मला गुडघ्यात कळा येत होत्या. नेवेंकाची टोपी उडून गेली.
कुणी त्याला चल म्हटलं नाही.

उशीर का झाला, बाईंनी विचारलं.
"वारा होता," नेवेंका म्हणाली,
आणि कितीतरी दिवसांनी हसली, केस सगळे तोंडावर.

दोरी आता दाराशी असते.
माझे कपडे खुर्च्यांवर वाळतात.