सावल्या : कमी

हर्षल मढवीकडे, घणसोलीला, कन्सोल आहे.
बटण दाबतो, टीव्ही उजळतो, खेळ सुरू.
मधे काहीच नाही.
चहाचा कप खाली ठेवायच्या आत
त्याचा घोडा डोंगर चढायला लागलेला असतो.

माझ्याकडे, कोपरखैरण्यात, माळ्यावर
पीसी आहे.
म्हणजे पीसी असं आपलं म्हणायचं.
खोका वाशीतल्या एका बुडालेल्या कॉल सेंटरचा,
रॅमच्या दोन पट्ट्या, जावा-जावांसारख्या,
एका घरात, अबोला धरून.
ग्राफिक कार्ड तुर्भ्याच्या इम्तियाजभाईचं.
"फार वापरलेलं नाही ना?" विचारलं तर म्हणाला,
"एका डॉक्टरच्या मुलीचं आहे."
बिल दिलं नाही.

डावी बाजू कायम उघडी,
समोर टेबलफॅन, तीनवर.
बोनकोड्याच्या भाच्याने एकदा त्यात
पारले बिस्किटाचा तुकडा टाकला होता,
तो अजून आहे कुठेतरी.

खेळायच्या आधी मला हे खेळावं लागतं :
नवा ड्रायव्हर. तो चालत नाही म्हणून जुना ड्रायव्हर.
मग एक फाईल हरवलेली असते,
सापडली की म्हणते, मी बत्तीस बिटांची, मला इथे करमत नाही.
मग निळा पडदा.
मग मी, टेबलाखाली, तोंडात टॉर्च धरून.

"कन्सोल घे," हर्षल म्हणतो, "शहाणा हो."

शहाणा होऊन एका खेळाला साडेचार हजार?
मी तोच खेळ दोन वर्षांनी
दिवाळीच्या सेलमध्ये तीनशे एकोणीसला घेतला,
तोवर त्यातले किडे
कंपनीने स्वतःच मारून दिले होते.
आणि त्याच्या ड्रॅगनच्या जागी मी
एनएमएमटीची बस बसवली आहे.
आग ओकत येते ती बर्फाच्या कड्यावरून,
थांब्यावर हात दाखवला
तर तिथेही थांबत नाही.
हे कर म्हणावं तुझ्या डब्यात.

याच खोक्यावर शलाकाने तलाठी भरतीचा फॉर्म भरला,
याच्यावरच बाबांच्या माथाडी बोर्डाचे कागद निघाले.
फॅन गरगरतच होता तेव्हाही.

मार्चमध्ये हर्षलचा कन्सोल तीनदा पिकला
(बीप नाही, पिकपिक असा आवाज, त्याचाच शब्द)
आणि गप्प झाला.
काळा, गुळगुळीत, एकही दिसेल असा स्क्रू नाही.
सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, वीस दिवस.
तो आला माझ्याकडे, पाण्याच्या उलट्या पिंपावर बसला,
आणि दोघांनी मिळून पाहिलं
अपडेट एकसष्ट टक्के.
अपडेट एकसष्ट टक्के.
"तू रोज हे करतोस?" त्याने विचारलं,
आणि पिंपावरच झोपला, भिंतीला टेकून.

पावणेतीनला बाबा उठले. कांद्याची गाडी होती मार्केटात.
शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून मुंडकं वर काढून
म्हणाले, बंद पडलं का?
तापतंय, म्हटलं.
वर आले. खेळाकडे पाहिलंही नाही.
उघड्या बाजूने आत वाकले,
जसे ट्रकच्या फाळक्यातून वाकतात,
आणि खांद्यावरच्या पंचाचं टोक पिळून
पंख्याच्या एकेका पात्यावरून फिरवलं, हळू,
लसणाची साल काढावी तसं.
"पोत्यात याच्या दुप्पट असते," म्हणाले,
राखाडी गोळा खिडकीबाहेर टाकला,
आणि हुक उचलून खाली उतरले.

मग चालू झालं.
सव्वीस फ्रेम. चौतीस. पुन्हा सव्वीस.
मी सेटिंगमध्ये गेलो, नेहमीसारखा,
गवत : बंद. धुकं : बंद.
सावल्या : कमी.
तेवढ्याने ते हलकं होतं, बिचारं.

खाली गल्लीत दिव्याच्या खांबाशी
बाबा रिक्षाची वाट बघत उभे होते,
आणि त्यांची सावली शेजारच्या रो-हाऊसच्या
दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेली,
हुकासकट, पंचाच्या दशांसकट,
एकदाही न अडखळता.
हर्षलला उठवून दाखवावं म्हटलं,
पण तोवर रिक्षा आली.