पाहिली म्हणालो होतो

झिंगाबाई टाकळी. मेचा दुसरा आठवडा.
रात्रीचे साडेदहा, गच्चीची फरशी अजून पोळते.
डेहनकरांच्या पोराने पुण्याला जाताना
विकून टाकली ही दुर्बीण.
तिचा एक पाय आखूड, पेटीत दोन भिंगं
आणि त्याच्या बारीक अक्षरात चिठ्ठी:
आधी दिवसा जुळवा. घाई करू नका.

म्हणून दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून,
छोट्या नळीतली फुली
कोराडीच्या चिमणीवर नेली;
मोठ्या नळीत गजभियेंच्या कुरडया.
तीन स्क्रू. पाऊण तास. दोन तांबे पाणी.
शेवटी दोन्हींत एकच चिमणी आली,
उलटी,
धूर खाली सांडत.

आता तिच्याच लाल दिव्यांच्या वर सप्तर्षी.
'शनी दाखवा ना,' कुंदा म्हणते.
'शनी पहाटे. आज वसिष्ठाकडे जाऊ.'
नुसत्या डोळ्याला तो एकच ठिपका,
अरुंधती शहराच्या उजेडात विरघळलेली.

काटोलच्या मंगल कार्यालयात
दुपारी पावणेदोनला
भटजींनी छताकडे बोट केलं होतं. दिसली?
वर पंखा होता.
पंगत खोळंबली होती.
पाहिली, म्हणालो दोघंही, एका सुरात.

नळी डावीकडे लोटली की तारा उजवीकडे पळतो,
श्वास लागला तरी हलते,
मग पायाखाली घडी केलेला लोकमत.
सापडला, गेला, सापडला.
आणि सापडला तेव्हा
वसिष्ठ एकटा नव्हता.
त्याला अगदी खेटून आणखी एक,
बारका, जिऱ्याएवढा;
अरुंधती बरीच लांब, भिंगाच्या काठाशी.

भटजी हे बोलले नव्हते.

कुंदा वाकली. एक हात माझ्या खांद्यावर,
एक डोळा घट्ट मिटलेला.
बराच वेळ काहीच नाही,
फक्त चौफेर कूलरची घरघर.
'ही मधली कोण?'
'माहीत नाही.'
'आणि अरुंधती बिचारी तिकडे?'
हसली, तर सगळं थरथरलं.
'अहो, चालली पहा, सरकून राहिली.'
'ती नाही. आपण सरकून राहिलो.'
'मग आणा ना परत.'

आणत राहिलो. बारा वाजले, साडेबारा.
आळीपाळीने वाकलो, कमरा धरल्या.
सकाळी ऑफिसात मेश्राम विचारतो,
साहेब, डोळ्याला काय झालं?
आरशात पाहिलं तर
उजव्या डोळ्याभोवती
कुंदाच्या काजळाचं अख्खं वर्तुळ.